वाचून दाखवले, बरोबर आहे

कोर्टात मान हलवून चालत नाही.

साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो, वकील विचारतात, "त्या दिवशी तुम्ही दुकानातच होता ना?" आणि साक्षीदार नुसती मान डोलावतो. झालं! टाइपबाईची बोटं जागच्या जागी थांबतात. डोललेली मान टाइप कशी करायची, तुम्हीच सांगा! मग ती चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "मान हलवू नका, तोंडानं सांगा." न्यायाधीश साहेबांनीच तिला ती मुभा दिली होती. सव्वीस वर्षांत हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की वकील मंडळी तिला पाठीमागे 'तोंडानं सांगा बाई' म्हणायची. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटायचं.

सव्वीस वर्षं लोकांचे हो आणि नाही टिपायचे म्हणजे काय खायचं काम आहे? तिला आता आवाजावरून कळायचं. "मला माहीत नाही" म्हणणाऱ्याला खरंच माहीत नसू शकतं. पण "मला आठवत नाही" म्हणणाऱ्याला बहुधा सगळं आठवत असतं, तारीखवार. "मी नाकारत नाही" हा हो असतो, पण पकडीनं ओढून काढलेला. आणि "देवाशपथ सांगतो" म्हणून जो छाती पुढं काढतो, त्याच्या पायांकडं बघावं, ते हटकून लटपटत असतात. हे सगळं तिला कळायचं, पण टाइप मात्र ती शब्दच करायची, जसेच्या तसे. आपलं मत घरी ठेवून यायचं, हा तिचा नेम होता.

आणि शेवटी, कितीही उशीर झालेला असो, जबाब साक्षीदाराला वाचून दाखवायचा. त्यानं तो ऐकायचा, बरोबर आहे म्हणायचं, सही करायची. मग खाली ओळ यायची, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' ही ओळ आल्याशिवाय जबाब पुरा नाही. कारण कितीतरी माणसं वाचून दाखवतानाच हात वर करतात, "थांबा हो, माझं एक राहिलंच." आणि जे राहिलेलं असतं तेच नेमकं मुद्द्याचं निघतं.

टाइपबाई घरी सून होती. घरात माणसं दोन, ती आणि सासूबाई. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक गॅलरी, आणि गॅलरीला लागून असलेल्या खिडकीत सासूबाईंचं शिलाई मशीन. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. सगळं आयुष्य लोकांचे कपडे शिवण्यात गेलेलं, अजून सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायच्या. त्यांचा मुलगा, म्हणजे टाइपबाईचा नवरा, अकरा वर्षांपूर्वी चार महिने आजारी पडून गेला. तेराव्या दिवसाच्या आत टाइपबाईचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला होता. चांगला माणूस, बिचारा, रिकामी बॅग घेऊन आला होता. टाइपबाई म्हणाली, "नाही." भाऊ म्हणाला, "अगं पण का?" ती पुन्हा म्हणाली, "नाही." सासूबाई दाराआड उभ्या होत्या.  रिकामी बॅग रिकामीच परत गेली.

पहिलं वर्ष दोघींनी तोंडात मिठाची गुळणी धरून काढलं. घरात भांड्यांचा आवाज, मशीनचा आवाज, बस्स. मग एका सकाळी दूध उतू गेलं, पातेलं काळंठिक्कर पडलं. टाइपबाई धावत आली, "आई, तुम्ही इथंच उभ्या होता ना?" टाइप केलेल्या जबाबांतल्या चुका तपासताना टाइपबाई मोठ्यानं वाचायची, ते सासूबाई इतकी वर्षं ऐकत आलेल्या. त्यांनी पदर सावरला, पिंजऱ्यात उभं राहावं तशा ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "दूध उतू गेले हे म्हणणे खरे आहे. परंतु ते माझ्यामुळे गेले हे म्हणणे खरे नाही."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या की टाइपबाईला खालीच बसावं लागलं. हसता हसता दोघी रडल्याही, ते असो. तेव्हापासून घरात कोर्ट सुरू झालं. "शेवटचं बिस्कीट मी खाल्लं हे म्हणणे खरे नाही." "छत्री बसमध्ये विसरली, हे मी नाकारत नाही." सासूबाई असल्या पटाईत झाल्या की टाइपबाई म्हणायची, आई, तुम्ही वकील व्हायचं सोडून बटणं कसली लावत बसलात!

आता बाईंडरचं सांगते. जुन्या फायली उसवायला लागल्या की त्यांना शिवून पुठ्ठा चढवायला कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये एक बाईंडर यायचा. पन्नाशी उलटलेला, एकटा, वडिलांची शेवटपर्यंत सेवा करण्यात लग्नाचं राहून गेलेला. हाताचा सोन्यासारखा, पण तोंडानं? अरे देवा! त्या माणसाकडून सरळ हो किंवा सरळ नाही काढून दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. छत्रीतून पाणी ठिबकतंय, टाइपबाई विचारते, "बाहेर पाऊस आहे का?" तर हा म्हणणार, "असावा." चहा घेणार का? "तसं म्हणायला हरकत नाही." टाइपबाईला वाटायचं, हा साक्षीदार म्हणून आला तर मी नोकरी सोडेन.

पण दोन वर्षं तो दर गुरुवारी उरलेल्या कागदांची एक छोटी वही बांधून तिच्या टेबलावर ठेवून जायचा. बोलायचा काही नाही. वह्या साठत गेल्या. आणि एका गुरुवारी त्यानं हातातली सुई खाली ठेवली, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाई, मला तुमच्याशी लग्न करायचंय."

'असावं' नाही, 'बहुतेक' नाही, 'तसं बघायला गेलं तर' नाही. टाइपबाईच्या कानशिलापर्यंत ऊन ऊन झालं. तिला काही सुचेना, तेव्हा ती जे तोंडात बसलेलं तेच बोलली, "मला मुदत हवी."

"घ्या," बाईंडर म्हणाला आणि पुन्हा सुई उचलली.

मुदत विचार करायला नको होती, तिचं उत्तर तिला माहीत होतं. मुदत एका माणसाला विचारायला हवी होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती घरी आली. सासूबाई खिडकीत बसून उशीच्या अभ्र्याला कड घालत होत्या. टाइपबाईनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि विचारलं, "आई, करू का मी लग्न?"

सासूबाईंचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. मग पुन्हा चालू झाला. "माझी काही हरकत नाही," त्या म्हणाल्या.

टाइपबाईचा जीव भांड्यात पडला. कोर्टात समोरचे वकील उठून 'हरकत नाही' म्हणाले की विषय संपतो, साहेब अर्ज मंजूर करतात आणि पुढची फाईल उघडतात. तिनं सासूबाईंना मागून मिठी मारली आणि फोन घेऊन गॅलरीत पळाली, सत्तेचाळीस वर्षांची बाई, अक्षरशः पळाली. मागं मशीन थांबलं. सासूबाई काहीतरी म्हणाल्या. "आई, आलेच हं!" ती ओरडली, आणि तिकडून बाईंडर "बरं… बरं… बरं…" एवढंच म्हणत राहिला, त्याला ती खळखळून हसली. आत आली तेव्हा मशीन चालू होतं. तिनं विचारलं, "काय म्हणत होतात?"

"कुठं काय," सासूबाई म्हणाल्या.

हे 'कुठं काय' कोर्टात कुणी म्हटलं असतं तर टाइपबाईचे कान टवकारले असते. पण आनंदात माणसाला ऐकू कमी येतं.

पुढच्या तीन आठवड्यांत घरात थोडं थोडं काहीतरी हलायला लागलं. ती कामावरून यायची तोवर सासूबाई "मी जेवले" म्हणून पडलेल्या असायच्या, आणि पातेल्यातलं अन्न जसंच्या तसं. बटणांचा मोठा डबा, ज्याला हात लावलेला त्यांना खपायचा नाही, तो कुणालातरी देऊन टाकला. घरातलं कोर्ट बंद पडलं. टाइपबाईला वाटलं, गुडघे दुखत असतील, विचारलं तर "छे गं, काही नाही." तिनं ते 'काही नाही' जसंच्या तसं टिपून घेतलं.

मग एका शनिवारी ती लवकर घरी आली, आणि खिडकीत मशीन नव्हतं. फरशीवर त्याच्या चार पायांचे चार ठसे तेवढे होते.

"आई! मशीन कुठं गेलं?"

"मशीन खालच्या मजल्यावरच्या मुलीला दिले हे म्हणणे खरे आहे," सासूबाई म्हणाल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच खेळातलं बोलणं, पण हसू कुठंच नव्हतं.

"अहो पण का?"

"मला दिसत नाही आता."

"काल तर तुम्ही माझ्या ब्लाउजचं बटण लावलंत. दोरा पहिल्या झटक्यात ओवलात, मी बघितलं ना."

सासूबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "मला आठवत नाही."

टाइपबाईनं ते 'आठवत नाही' बरोबर ओळखलं. चहा करायला म्हणून ती आत गेली, साखरेचा डबा काढायला हात वर घातला, आणि डब्याखाली घडी घातलेला एक छापील कागद हाताला लागला. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाचा अर्ज होता. सासूबाईंच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत भरलेला. वय लिहिलं होतं, आजार लिहिले होते, व्यवसाय लिहिला होता. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'कोणी नाही'.

आयुष्यात तिनं खून कबूल केलेले जबाब टाइप केले होते, बोटं कधी अडली नव्हती. या दोन शब्दांवर मात्र ती अडली. तिला पहिल्यांदा राग आला. कोणी नाही? बावीस वर्षं मी आई आई म्हणते, ती कुणाला? मग राग उतरला आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. सहा वाजताची ती संध्याकाळ तिनं मनात पुन्हा लावून बघितली. प्रश्न विचारला, उत्तर आलं. मग मशीन थांबलं, मग काहीतरी बोलणं. आणि आपण? आपण फोन घेऊन पळालो. वाचून दाखवलंच नाही!

ती बाहेर आली. बाईंडरनं बांधलेल्या वह्यांतली एक घेतली, स्टूल ओढलं आणि सासूबाईंच्या समोर बसली.

"आई, तुमचा जबाब अपुरा राहिलाय. वाचून दाखवते."

"कसला जबाब? सरबत घेतेस का, दमलेली दिसतेस."

"प्रश्न, मी लग्न करू का? उत्तर, माझी काही हरकत नाही." टाइपबाईचा आवाज कोर्टातला होता. "बरोबर आहे?"

सासूबाईंनी मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, कुणास ठाऊक.

"मान हलवू नका. तोंडानं सांगा."

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मग सासूबाई म्हणाल्या, "अर्धा आहे."

"पुढं काय म्हणाला होतात? मी गॅलरीत गेले तेव्हा?"

"म्हणाले होते, माझी काही हरकत नाही, पण मग मी तुझी कोण?" त्यांनी मशीनच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. "तू फोनवर हसत होतीस गं. अशी हसताना मी तुला किती वर्षांत बघितलं नव्हतं. म्हटलं, जाऊ दे. हा प्रश्न रेकॉर्डवर नको."

"अहो आई!" टाइपबाईचा बांध फुटला. "तुम्ही आमच्याबरोबरच राहणार आहात! मला तर दुसरं काही सुचलंही नव्हतं. हे काय सांगायला हवं होतं?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. "सांगायला हवं होतं."

अगदी हळू म्हणाल्या, पण ठाम. "जगाला सांगत फिरतेस मान हलवून चालत नाही म्हणून. तू तर मानसुद्धा हलवली नाहीस. मुलगा गेला, मुलाची बायको दुसऱ्याची होणार. म्हातारीनं समजायचं काय? अकरा वर्षांपूर्वी तू भावाला नाही म्हणालीस, त्यावर मी आजवर जगले. पण ते तू त्याला म्हणाली होतीस. मला कुठं काय म्हणालीस?"

सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडून हो आणि नाही काढून घेणारी बाई, स्वतःच्या घरात मात्र मूग गिळून बसली होती. टाइपबाईनं वही बाजूला ठेवली, सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. सुयांनी टोचून टोचून बोटांची टोकं घट्ट झालेले हात.

"मी तुम्हाला सोडून कुठं जाणार नाही," ती म्हणाली.

"हे झालं नाहीचं. नाही नाही म्हणणारे खूप बघितलेत. होचं सांग."

टाइपबाई रडता रडता हसली. "तुम्ही माझ्या आई आहात. मला तुम्ही हव्या आहात. रोज हव्या आहात. झालं?"

"लिही," सासूबाई म्हणाल्या.

तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. सासूबाईंनी चष्मा लावून स्वतः एकदा वाचलं, आणि खाली सही केली.

"पण त्याला विचारलंस का?" सही झाल्यावर त्यांना आठवलं. "त्या असावा-बहुतेकला?"

विचारलं नव्हतं! बघा आता! टाइपबाई दुसऱ्याच दिवशी सकाळी बाईंडरकडं गेली. पुलापलीकडं त्याचं दुकान, वरती दोन खोल्या, मागच्या बाजूला तळमजल्यावर कागदाच्या रिमांची एक अंधारी कोठी. ती दारातच उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "माझी आई माझ्याबरोबर येईल. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा, आणि असावं बिसावं काही नको."

बाईंडर तिला मागच्या कोठीत घेऊन गेला. कोठीत रिमा नव्हत्या. भिंतींना ताजा चुना होता. खिडकी मोठी करून घेतलेली होती, उंबऱ्यापुढं गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढायला एक ठेंगणी पायरी केलेली होती, आणि खिडकीखाली फरशीवर खडूनं एक चौकोन आखलेला होता.

"मशीन इथं," तो म्हणाला. "उजेड डावीकडून लागतो ना शिवताना? मला वाटलं, त्या येणारच. पुरं झाल्यावर सांगणार होतो."

"तोंडानं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुम्हीही नव्हतं सांगितलं," बाईंडर म्हणाला.

मशीन परत आणायला ती खाली गेली तेव्हा तिला अगदी ओशाळं वाटत होतं. दिलेली वस्तू परत कशी मागायची? पण ती मुलगी हसायलाच लागली. "घेऊन जा ना काकू. आजींनी देतानाच सांगितलं होतं, माझी सून मागायला आली तर नाही म्हणू नकोस." मशीनवर चादर पांघरलेली होती, मुलीनं त्याला हातही लावलेला नव्हता. टाइपबाई जिन्यात पहिल्या पायरीवर बसली आणि जरा वेळानं उठली.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. तिघं साक्षीदार लागतात. दोघं बाईंडरकडचे, तिसऱ्या सासूबाई. पुढ्यात रजिस्टर घेऊन बसलेला कारकून तरुण होता आणि घाईत होता. त्यानं वर न बघताच विचारलं, "आजी, तुम्ही वधूच्या कोण?"

सासूबाईंनी टाइपबाईकडं बघितलं. मान थोडी हलली, ओठ हलले, आवाज आला नाही.

"मान हलवून चालत नाही," टाइपबाई हळूच म्हणाली.

"आई," सासूबाई म्हणाल्या.

कारकुनानं अर्ज पुढं ओढला. "आईचं नाव इथं वेगळं दिलंय. आणि त्यापुढं मयत लिहिलंय." आता त्यानं वर बघितलं. "सरकारी कागद आहे हो. नक्की काय लिहू?"

सासूबाईंनी हातातली पिशवी घट्ट धरली. बाईंडर पुढं सरकला, त्याच्या तोंडून "लिहा हो" एवढंच निघालं, पण निघालं. टाइपबाईला अर्जातली ओळ माहीत होती, तिनंच ती भरली होती. जन्मात कधी कागदावर एक शब्द खोटा जाऊ न देणारी बाई ती. तिनं कारकुनाच्या डोळ्यांत बघितलं.

"लिहा, आई. या माझ्या आई आहेत, हे म्हणणे खरे आहे."

कारकुनानं खांदे उडवले आणि लिहिलं. रजिस्टर फिरवून सासूबाईंपुढं ठेवलं, सहीची जागा बोटानं दाखवली. सासूबाईंनी पेन धरलं, पण सही करेनात.

"काय झालं आजी?"

"आधी वाचून दाखव."

त्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं, "बरोबर आहे" म्हणाल्या आणि सही केली. सहीवर एक थेंब पडला, शाई जराशी पसरली. कारकून चपापला. पहिल्यांदाच त्याची घाई थांबली.

"आजी, रडताय का?"

सासूबाई पदर सावरून ताठ उभ्या राहिल्या.

"मी रडते आहे," त्या म्हणाल्या, "हे म्हणणे खरे नाही."